सत्तेचाळीस नंबरचा बुटका माकूल

निघण्याआधी

नागपूरच्या माणसाला समुद्र बघायचा असेल तर त्यानं वाटेल त्या दिशेनं निघावं, अंतर सारखंच लांब. म्हणून बहुतेक जण निघतच नाहीत. मीही साठाव्या वर्षापर्यंत निघालो नव्हतो. गंमत अशी की माझं पोट मात्र समुद्रानंच भरलं. रामदासपेठेतल्या एका कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात मी चौतीस वर्षं प्रयोगशाळा परिचर होतो. आमच्या संग्रहालयात तारामासा, समुद्रघोडा, शंख, खेकडे असे एकशेदहा प्राणी काचेच्या बाटल्यांत स्पिरिटमध्ये उभे असत. त्यांच्यावरची धूळ पुसायची, झाकणाला मेण लावायचं आणि उन्हाळ्यात उडालेलं स्पिरिट भरून काढायचं, हे माझं काम. नागपूरच्या मे महिन्यात माणूसही निम्मा उडून जातो, तिथं स्पिरिटची काय कथा.

विभागातल्या पोरांनी गळ घातली की भाऊ, काय पाहिलं ते लिहून द्या, भित्तिपत्रकात लावतो. म्हणून हे लिहितो आहे. लांबलं तर पोरांनी भिंत वाढवावी.

सत्तेचाळीस नंबरची बाटली माझी खास होती. नोकरीच्या पहिल्या दिवशी जुन्या सरांनी ती माझ्या हातात दिली होती. सर तरुणपणी विद्यार्थ्यांना घेऊन कोकणात गेले होते, तेव्हा त्यांनी तो प्राणी आणला होता. चिठ्ठीवर त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं, ‘बुटका माकूल, पूर्ण वाढलेला.’ माकूल म्हणजे स्क्विड, आणि हा पूर्ण वाढलेला म्हणजे केवढा, तर सुपारीएवढा. आठ आखूड हात, दोन लांब, मोठे डोळे आणि दोन्ही बाजूंना कानासारखे गोल पर. रंग उकडलेल्या शेंगदाण्याचा. सर म्हणाले, “मनोहर, हा सुकता कामा नये.” मी म्हणालो, “नाही सुकणार, सर.” सर जाऊन आता बरीच वर्षं झाली. माकूल सुकला नाही.

सर शिकवायचे तेव्हा मी मागे उभा राहून ऐकायचो. हा प्राणी दिवसभर वाळूत पुरून घेतो आणि अंधारात शिकारीला निघतो. पोटात उजेड देणारे जंतू पाळतो. वरून चांदणं पडलं की हा खालच्या अंगानं तेवढाच उजेड सोडतो, म्हणजे खालून बघणाऱ्याला त्याची सावली दिसत नाही. पहाट झाली की त्यातले बहुतेक जंतू बाहेर टाकतो, थोडे ठेवतो आणि संध्याकाळपर्यंत त्यांची पुन्हा भरती होते. पोरं हे वहीत उतरवून घ्यायची आणि मी बाटलीकडे बघायचो. त्या शेंगदाण्यात एवढं सगळं असेल यावर माझा निम्माच विश्वास होता.

मागच्या डिसेंबरात संग्रहालयाला रंग द्यायचा म्हणून मी बाटल्या हलवत होतो. एकशेनऊ नीट गेल्या. सत्तेचाळीस हातातून सुटली. आवाज ऐकून विभागप्रमुख मॅडम धावत आल्या आणि म्हणाल्या, “मनोहरभाऊ, हात कापला नाही ना? मग जाऊ द्या.” त्या एका वाक्यासाठी मी त्यांचा जन्मभर ऋणी आहे. पण फळीवर सेहेचाळीस आणि अठ्ठेचाळीसच्या मधे एक गोल रिकामा डाग राहिला. निवृत्तीला दीड महिना उरला होता आणि मला रोज तोच डाग दिसायचा.

आता घरचं सांगतो. बायकोची परवानगी घेतलेली आहे.

माझी बायको कुसुम. आम्ही दोघंही उमरेडच्या विणकर घरांतले, त्यामुळे मटणाला कधी बंदी नव्हती. उलट तिच्या हातचा सावजी रस्सा खाऊन पाहुण्यांच्या टाळूला घाम फुटतो. पण माझी नोकरी तिला पहिल्या दिवसापासून पटली नाही. ती म्हणायची, “खानं येगळं. खाल्लं त्याले पोट भेटलं. मेलं त्याले माती भेटते, नाई त आग भेटते. तुमच्या बाटलीतल्याले काय भेटलं? मधातच लटकून राह्यलं बिचारं.”

म्हणून नियम असा, की कॉलेजातून आल्यावर मी समोरच्या दारानं घरात शिरायचं नाही. बाजूच्या बोळीतून मागच्या अंगणात जायचं. तिथं बादली भरलेली असायची. तिथंच आंघोळ, तिथंच कपडे भिजवायचे, मग घर. मौतीला जाऊन आल्यावर करतात तसं. आमच्या घरापुढच्या हिंगणा रोडवरून कंपन्यांच्या बसगाड्या माणसं घेऊन परतायच्या, त्या वेळेला मी भर थंडीत मागच्या अंगणात उघडा उभा. शेजारी भिंतीवरून विचारायचा, “मनोहर, आज कोन गेलं गा?” मी हसून सोडून द्यायचो, पण लागायचं. मी मसणात नोकरी करतो, असंच माझ्या घराचं मत होतं.

निवृत्तीच्या निमित्तानं विभागानं विचारलं, भाऊ, काय हवं? शाल नको, नारळ नको, म्हटलं समुद्र दाखवा. मॅडमनी आणि पोरांनी मिळून दोघांची तिकिटं काढली आणि मालवणच्या बाजूच्या एका लहान गावात राहायची सोयही केली. माझ्या मनात दोन गोष्टी होत्या. एक म्हणजे कुसुमला बुटका माकूल जिवंत दाखवायचा, म्हणजे तिला कळेल की मी मढी राखत नव्हतो. दुसरी गोष्ट तिला सांगितली नव्हती. माझ्या पिशवीत स्वेटरमध्ये गुंडाळलेली एक नवी बाटली होती आणि तिच्यात निम्म्यापर्यंत स्पिरिट होतं. सत्तेचाळीसची जागा भरूनच मी निवृत्त होणार होतो. या दोन गोष्टी एकमेकींच्या उरावर बसणार आहेत, हे इतकं शिकलेल्यांच्या संगतीत राहूनही मला सुचलं नाही.

पोचलो तो दिवस

कोल्हापूरपर्यंत गाडी, पुढे एसटी. घाटात कुसुमला उलटी झाली आणि तिनं त्याचा दोष माझ्या नोकरीला दिला. एवढं सोडलं तर प्रवासात सांगण्यासारखं काही नाही.

समुद्र दिसला तो माडांच्या मधून, एकदम. मी कितीतरी वर्षं तयारी केली होती की पहिल्यांदा बघितल्यावर काय म्हणायचं. ऐन वेळी तोंडातून काही निघालं नाही. कुसुम मात्र म्हणाली, “बाप्पा! एवढं पानी? अन् आपल्याकडं नळ दिवसाआड.” मग ती लुगडं वर धरून घोट्याएवढ्या पाण्यात गेली, बोट बुडवून चाटलं आणि तोंड वाकडं करून परत आली. “खारट हाय वो,” ती म्हणाली, जशी काही कुणी तिची फसवणूक केली होती.

आम्ही जिच्याकडे उतरलो ती जयूवहिनी, पन्नाशीची कोळीण. नवरा आणि दीर होडीवर, सासूबाई पडवीत जाळं विणत बसलेल्या. आम्ही पायऱ्यांशी पोचलो तर वहिनीनं तांब्या घेतला आणि दोघांच्या पायांवर कोमट पाणी घातलं. कुसुम गोरीमोरी झाली. आपले पाय असे कुणी धुवावेत, याची तिला सवय नव्हती.

कुसुमनं आमच्याच बोलीत विचारलं, “हे काहून वं, बाई?”

वहिनी म्हणाली, “आमच्या घरात दर्यावरसून माणूस इलो की पयली त्याच्या पायार पाणी घालतंव. वास येता म्हणान न्हय. परत इलो, ह्याच मोठा.”

कुसुमनं पिशव्या उचलल्या. थोड्या वेळानं, पिशव्या आत ठेवताना, स्वतःशीच बोलावं तशी म्हणाली, “मी भी ठेवते. थंडीत गरम करून ठेवते.”

मी तिथंच उंबऱ्याशी थांबलो. चौतीस वर्षं मी त्या बादलीकडे अपमान म्हणून बघितलं होतं. पण ती बादली एकदाही रिकामी दिसल्याचं मला आठवेना. कुसुमला ताप असतानाही ती भरलेली होती. ती बाळंतपणाला उमरेडला गेली, तेव्हा शेजारणीला सांगून गेली होती की यांची बादली चुकवू नको. पाणी कोण तापवतं, ते मी कॉलेजातून निघण्याच्या वेळेला बरोबर कसं तापलेलं असतं, हे मी कधी मनातही आणलं नव्हतं. समुद्र बघायला आलो आणि पहिल्याच दिवशी मागच्या अंगणातलं पाणी दिसलं. मला स्वतःची लाज वाटली.

जेवायला बांगड्याचं तिखलं, म्हणजे तिथलं तिखट कालवण, आणि भात होता. वहिनीनं कौतुकानं वाढलं. कुसुमनं एक घास खाल्ला आणि माझ्या कानाशी आली. “मस्त हाय. पण यात तिखट कुठी हाय?” तिनं पिशवीतून आपली सावजी मसाल्याची पुडी काढली. वहिनीनं चवीला म्हणून चिमूटभर जिभेवर घेतला. मग ती दोन तांबे पाणी प्यायली, तिनं डोळे पुसले आणि आदरानं म्हणाली, “तुम्ही ह्यां रोज खातात?” तेव्हापासून त्या दोघींचं जमलं.

दुसरा दिवस

सकाळीच मी मोबाइलमधला सत्तेचाळीस नंबरचा फोटो घेऊन किनाऱ्यावर विचारत फिरलो. कोळणी हसल्या. एक म्हणाली, “इतक्या लांबसून इलात, मोठो माकूल घेवा मां! ह्या बारक्यात काय आसा?” मी सांगितलं की हा बारका नाही, पूर्ण वाढलेला आहे, एवढाच असतो. त्यावर त्या आणखी हसल्या.

शेवटी वहिनीनं मला दाजीकाकांकडे नेलं. हे तिथल्या रापणीचे तांडेल, म्हणजे म्होरके. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं भलंमोठं जाळं. होडी ते पाण्यात अर्धगोल टाकून येते, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर येतात आणि दोन्हीकडे माणसं रांग लावून, मागे मागे सरकत ते ओढतात. बायाबापे सगळे. काकांनी फोटो बराच वेळ बघितला. “येता कधी कधी,” ते म्हणाले. “वाळूतसून जाळा घासत इला की येता. ह्याचा काय करतंव? फेकून देतंव.” मग माझ्याकडे बघून म्हणाले, “दोर ओढशात?”

मी लगेच हो म्हणालो. बाटल्या पुसणारे हात ते. पहिल्या पाच मिनिटांत तळव्याची साल निघाली. माझ्या पुढे एक सत्तरीची बाई होती, ती दोर ओढता ओढता सुनेच्या तक्रारी सांगत होती आणि तिला दमही लागत नव्हता. कुसुम आधी लांब बसून बघत होती. मग उठली, पदर खोचला आणि माझ्या मागे येऊन दोराला लागली. तिचा बाप मागावर बसायचा, लहानपणी सूत भरून भरून तिचे हात दोऱ्याला सरावलेले. ती मला म्हणाली, “अवो, हातानं नोका ओढू. अंग मांगं टाका.” बरोबर होतं तिचं.

त्या दिवशी जाळ्यात तारल्या आल्या, थोडे बांगडे आले. बुटका माकूल आला नाही. मी प्रत्येक गवताचा पुंजका उलटून बघितला. वाटे पडले तेव्हा काकांनी आमच्या पुढ्यातही तारल्यांचा ढीग टाकला. मी नको नको म्हणू लागलो, तर त्यांना राग आला. “दोराक हात लावलात मां? मगे वाटो तुमचो. ह्यां उपकार न्हय.” आमच्याकडे मदतीला गेलेल्या माणसाला चहा पाजतात आणि आभार मानतात. इथं आभार नाहीत, सरळ हिस्सा. कुसुमला ही रीत फार आवडली. ती ओच्यात मासळी घेऊन अशी चालली जशी काही होडी तिचीच होती.

आमच्याकडे आता एकच सकाळ उरली होती. दुपारची परतीची एसटी होती.

तिसऱ्या दिवसाची सकाळ

उजाडताना पुन्हा दोराला लागलो. तळव्यांना फडकी बांधली होती. जाळ्याची खोळ किनाऱ्याला लागली तेव्हा घारी आणि बगळे डोक्यावर गोळा झाले. मी वाळूत गुडघे टेकून शोधू लागलो. तारल्या, खेकड्यांची पिल्लं, गवत, शिंपले. आणि त्यात वाळूनं माखलेली एक सुपारी.

सुपारीनं डोळा उघडला.

मी ओरडलोच. दाजीकाका आले, त्यांनी बघितलं. म्हणाले, “मेळलो? घेवा. आज हो तुमचो वाटो.” मी दोन्ही तळवे जोडून तो उचलला. काय सांगू तुम्हाला! तो शेंगदाण्याच्या रंगाचा नव्हताच. अंगभर तांबडे-जांभळे ठिपके, आणि ते उघडत होते, मिटत होते, पुन्हा उघडत होते. डोळ्याभोवती हिरवी सोनेरी झाक. चौतीस वर्षं मी ज्याची बाटली पुसली त्याचा रंग मला माहीतच नव्हता. सर, तुम्ही बोललात ते सगळं खरं होतं, असं मी मोठ्यानं म्हणालो आणि माझे डोळे भरून आले. आजूबाजूच्या लोकांना वाटलं की भाऊंच्या तळव्याला झोंबलं.

कुसुम वाकून बघत होती. तिनं विचारलं, “हाच का तो तुमचा?”

“हाच.”

“डोये पाहा न त्याचे. पोरावानी पाह्यते.” तिनं वहिनीकडून स्टीलचा डबा घेतला, त्यात मी तो अलगद सोडला. आणि मग कुसुमनं आपली प्यायच्या पाण्याची बाटली उघडून ती सगळी त्या डब्यात ओतली. “एवढ्या खाऱ्या पान्यात बिचाऱ्याले प्याले काय भेटत असन? तान्ह लागली असन त्याले.”

मी तिला थांबवलं नाही. खरं कारण सांगतो. बाटलीत भरण्याआधी प्राणी साध्या पाण्यानं स्वच्छ धुवायचा, ही आमच्या प्रयोगशाळेची पद्धत. माझ्या डोक्यात धुणंच चालू होतं. मेलेलं कसं टिकवायचं ते मला पक्कं ठाऊक होतं. जिवंत कसं ठेवायचं ते मला कधी करावंच लागलं नव्हतं.

तो एकदम आकसला. ठिपके विझल्यासारखे झाले आणि अंग पांढरं पडत गेलं. थोडी शाई सोडली, हात वेडेवाकडे आवळले. बघता बघता तो माझ्या ओळखीचा होत चालला होता, बाटलीतल्या रंगाचा.

“अवो, हे काय होऊन राह्यलं? मी काय केलं?” कुसुमचा आवाज फाटला.

वहिनी टोपली टाकून धावली. “गोड्या पाण्यात घातलात? मरतला मां तो! खारा पाणी घाला, खारा!” तिनं डबा हिसकावला, पाणी ओतून दिलं आणि पळत जाऊन लाटेचं पाणी भरून आणलं. मग पुन्हा ओतलं, पुन्हा भरलं. आम्ही दोघं नागपूरकर गुडघ्यांवर बसून डब्यात बघत होतो. कुसुमनं माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की त्याचे वळ दुपारपर्यंत होते.

किती वेळ गेला कोण जाणे. आधी एक पर हलला. मग डोळ्याजवळ एक ठिपका उमटला, मग दुसरा. मग सगळ्या अंगावर ते पसरत गेले. कुसुम तिथंच रडायला लागली. वहिनी तिच्या पाठीवर हात फिरवत म्हणाली, “रडतास कित्याक गो? जगलो तो.” त्या बाईचे आभार कसे मानावेत मला कळेना. मानले असते तर ती दाजीकाकांसारखीच रागावली असती.

आता माझी वेळ होती. पिशवी शेजारीच पडलेली, तिच्यात स्वेटर, स्वेटरात बाटली. मी पिशवीकडे हात नेला आणि कुसुमनं न बघताच म्हटलं, “त्या स्वेटरातलं मले माईत हाय. गाडीतच वास आला होता.”

मी हात मागे घेतला.

“दोन दिवस वाट पाह्यली, तुमी सांगता का. याले बी त्याच्यात घालायचं होतं?”

मग मी सगळं बोललो. सरांना दिलेला शब्द, फळीवरचा गोल डाग, एवढी वर्षं सांभाळून निवृत्तीच्या तोंडावर माझ्याच हातून फुटणं. ती ऐकत होती. मग तिनं विचारलं, “अन् तो फुटलेला? त्याचं काय केलं?”

हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. मॅडमना वाटलं होतं की काचेबरोबर गेला. मी म्हणालो, “विभागाच्या मागं बेलाचं झाड हाय. तिथं मातीत ठेवला. हातानं खड्डा केला.”

“अन् त्या दिवशी मी तुमाले मांगूनच येऊ देलं,” ती म्हणाली. तिनं तोंड समुद्राकडे फिरवलं. मला वाटलं चिडली. पण ती म्हणाली, “सांगायचं होतं न मले. मी काय एवढी वाईट हावो का?”

मी नाही म्हणालो.

किनाऱ्याच्या टोकाला खडकांचा आडोसा आहे, तिथं गुडघाभर निवळ पाणी असतं. आम्ही डबा घेऊन तिथं गेलो. डबा मी पाण्याखाली तिरका केला. तो बाहेर आला, क्षणभर तरंगला आणि तळाशी बसला. मग त्यानं अंग हलवत वाळूत खोबण केली, आणि दोन लांब हात बाहेर काढून आजूबाजूची वाळू स्वतःच्या डोक्यावर ओढून घेतली, थंडीत गोधडी ओढावी तशी. आधी पाठ गेली, मग डोळे. तिथं नुसती वाळू राहिली. कुठं बसला आहे ते माहीत असूनही आम्हाला दिसेना.

मी तिला सरांचा धडा सांगितला. पोटातले जंतू, चांदण्याएवढा उजेड, रोज पहाटे ते बाहेर टाकणं. ती लक्ष देऊन ऐकत होती. शेवटी म्हणाली, “म्हंजे हाबी बाहीरच्या बाहीर साफ होऊनच घरात जाते.” आणि माझ्याकडे बघून अशी हसली की मीही हसलो. मागच्या अंगणातल्या बादलीवर आम्ही दोघं मिळून पहिल्यांदाच हसलो.

त्या स्पिरिटचा उपयोग झाला नाही असं नाही. एसटीची वाट बघताना कुसुमनं त्यात कापूस बुडवून माझे तळवे पुसले. मी बोंबललो. ती म्हणाली, “चूप ऱ्हा. चौतीस वर्सात पयल्यांदा कामाले येऊन राह्यलं हे.”

परत नागपूर

जयूवहिनीला सावजी मसाल्याची पुडी दिली, तिनं सुक्या तारल्या दिल्या. त्यांच्या वासानं आमच्या डब्यातले लोक दूर सरकून बसले आणि आम्हाला पाय पसरायला जागा मिळाली.

निवृत्तीच्या दिवशी मी मॅडमना खरं काय ते सांगितलं. बाटली भरून आणणार होतो, नाही आणली. मॅडम म्हणाल्या, “भाऊ, मग तिथं एक कार्ड लावा, तुमच्या अक्षरात.” माझं अक्षर काही सरांसारखं नाही. तरी लिहिलं. ‘सत्तेचाळीस. बुटका माकूल, पूर्ण वाढलेला. हा समुद्रात आहे.’ पोरांनी ते फळीवरच्या गोल डागावर उभं केलं. सरांना ते चाललं असतं की नाही, ठाऊक नाही. मला वाटतं चाललं असतं.

निरोपाचे हार, भाषणं सगळं झालं. शेवटचं म्हणून मी दुपारी एकशेनऊ बाटल्या पुसल्या होत्या, त्यामुळे हाताला वास होताच. संध्याकाळी हिंगणा रोडवर थंडी पडली होती. मी सवयीनं बोळीतून मागच्या अंगणात गेलो. तिथं बादली नव्हती. दोरीवर टॉवेल नव्हता. मला कळेना. चौतीस वर्षांत असं झालं नव्हतं. मी तसाच बोळीतून परत समोर आलो.

समोरचं दार उघडं होतं. पायरीवर बादली होती, पाण्यातून वाफ निघत होती आणि कुसुम हातात तांब्या घेऊन उभी होती.

“चप्पल काढा,” ती म्हणाली. मी काढली. तिनं वाकून माझ्या पायांवर पाणी घातलं, आधी एका, मग दुसऱ्या. शेजारी भिंतीवरून बघत होता, पण त्या दिवशी त्यानं काही विचारलं नाही.

मी उंबऱ्याशी अडलो. अंगावर तेच कपडे होते, हाताला तोच वास. “अवं, वास येऊन राह्यला न,” मी म्हणालो.

“येऊ द्या,” ती म्हणाली. “तुमी आले न. या घरात.”